गळती थांबवणारे हात

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली. टॅक्सीसाठी ठरवलेली २० वर्षांची वयोमर्यादा संपली होती. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी तिच्यावर भरभरून लिहिलं. ते वाचून कुणाला वाटलं असेल की ही गाडी आता फक्त फोटोत उरली. पुण्यात मात्र ती अजून आहे. पेठांतल्या वाड्यांच्या बोळात, प्रभात रोडवरच्या जुन्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये, कोथरूड-सहकारनगरच्या सोसायट्यांच्या कोपऱ्यात कव्हराखाली पद्मिनी उभ्या आहेत आणि त्यातल्या काही रविवारी सकाळी बाहेरही पडतात. कव्हर उचललं की बहुतेकींच्या खाली फरशीवर एक काळा डाग दिसतो. त्याच्या शेजारी कधी हिरवट, कधी गंजाच्या रंगाचा दुसरा डाग असतो. मालकाला विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं : जुनी गाडी म्हटल्यावर गळणारच.

हा लेख त्या उत्तराच्या विरोधात आहे. गळती हे गाडीचं वय नव्हे. दोन धातूंच्या मधलं पॅकिंग निकामी झालं, पाण्याची वाट कुठेतरी तुंबली, किंवा मागच्या वेळी कुणीतरी घाईत काम उरकलं, तर गाडी गळते. या तिन्ही गोष्टी दुरुस्त होतात. त्या दुरुस्त करणारे हात पुण्यात अजून आहेत, पण ते वयाने साठीच्या आसपास आले आहेत. म्हणून हे आत्ता लिहायला हवं.

पद्मिनीचं मूळ इटलीच्या फियाट ११०० मध्ये आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ बनू लागली. १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि शतक संपेपर्यंत ती बनत राहिली. इंजिन चार सिलेंडरचं, ६८ मिलिमीटर व्यासाचं आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचं, म्हणजे १०८९ घन सेंटिमीटरचं. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. या शेवटच्या वाक्यातच गळतीचं अर्धं कारण दडलेलं आहे.

ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड धरा. थंड इंजिन चालू होऊन कामाच्या तापमानाला पोचेपर्यंत त्याचं तापमान ८० अंशांच्या आसपास वाढतं. तेवढ्यात ॲल्युमिनियमचं हेड पाऊण मिलिमीटर वाढतं आणि खालचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्माच. म्हणजे दर वेळी गाडी चालू-बंद केली की हेड ब्लॉकवर किंचित सरकतं आणि परत जागेवर येतं. या दोघांच्या मध्ये चिरडलेलं हेड पॅकिंग ही सरकासरक सोसतं. त्याच वेळी एका बाजूने जाळाचा दाब अडवतं, जो पूर्ण जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात चाळीस-पन्नास बारपर्यंत जातो. दुसऱ्या बाजूने पाणी अडवतं, तिसऱ्या बाजूने ऑइल. मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीच्या वस्तूवर इतकी जबाबदारी गाडीत दुसरीकडे कुठेही नाही. त्यामुळे हेड पॅकिंग उडालं असं मिस्त्री सांगतो तेव्हा लगेच नवं पॅकिंग विकत आणायला निघू नये. ते का उडालं हे आधी विचारावं. नव्वद टक्के वेळा असं म्हणायला माझ्याकडे आकडेवारी नाही, पण गॅरेजांत जे ऐकलं आणि पाहिलं त्यात एकच उत्तर पुन्हा पुन्हा आलं : गाडी हीट झाली होती.

आणि पुण्यात गाडी हीट व्हायला घाटच लागतो असं आता उरलेलं नाही. पूर्वी तो घाटाचा विषय होता. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना बोरघाटात गाडी थोड्याच अंतरात सुमारे पाचशे मीटर वर येते. कात्रज, खंबाटकी, दिवे घाट ही पुण्याच्या इतर दारांवरची चढणं. बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसिडर, हातात फडकं घेऊन रेडिएटरच्या कॅपकडे पाहत उभे असलेले गृहस्थ, हे दृश्य चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक पुणेकराला आठवतं. आज तीच पद्मिनी घाटात एक वेळ बरी चालते आणि गणेशखिंड रस्त्यावर तापते. कारण तिच्या रचनेत आहे. तिचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद असलं की पंखाही मंद. गाडी पुढे जात असेल तर समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो. गाडी उभी असेल तर काटा चढत राहतो. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक अहवालाप्रमाणे पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. इतक्या वेगात रेडिएटरला पुरेसा वारा मिळत नाही.

शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. इथे उघड्या भांड्यातलं पाणी १०० नव्हे, ९८ अंशांना उकळतं. फरक लहान आहे, पण रेडिएटर कॅपचं महत्त्व कळायला तो पुरेसा आहे. कॅप म्हणजे नुसतं झाकण नव्हे. तिच्या आतली स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते, आणि दाबाखालचं पाणी उशिरा उकळतं. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो त्या दाबाचा, बारमध्ये. एवढ्या दाबाने उकळबिंदू वीस अंशांच्या आसपास वर जातो. कॅपचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल पडली की सगळी व्यवस्था कोलमडते. सबंध कूलिंगमधला हा सर्वांत स्वस्त भाग, आणि बदलला जातो सर्वांत शेवटी. मात्र जुन्या गाडीला जास्त दाबाची कॅप लावू नये. तिचा रेडिएटर कमी दाबासाठी बनलेला असतो आणि जुने सांधे वाढीव दाबाने फुटतात.

आता थर्मोस्टॅटचं दुखणं. आपल्याकडच्या कित्येक गॅरेजांत गाडी तापते अशी तक्रार आली की पहिला उपाय ठरलेला असतो : थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्या हवेत त्याची गरज नाही, असं कारण दिलं जातं. मला हे कारण पटत नाही. थर्मोस्टॅटच्या आत मेण असतं. पाणी ८० अंशांच्या थोडं वर गेलं की ते वितळून फुगतं आणि रेडिएटरकडची वाट उघडतं. त्याआधी पाणी इंजिनातच फिरत राहून इंजिनाला लवकर गरम करतं. तो काढला की इंजिन दिवसचा दिवस अर्धवट थंड चालतं. ऑइलमधली वाफ उडून जात नाही, पेट्रोल जास्त लागतं, सिलेंडरची झीज वाढते. काही इंजिनांत तर त्याच्या जागी भलतीच वाट कायम उघडी राहते आणि तापण्याच्या वेळी पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर बदलावा. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात तो सोडला की पाच मिनिटांत कळतं तो उघडतो की नाही. काढून टाकणं ही दुरुस्ती नव्हे.

पाण्याबद्दलही तसंच. खडकवासल्याहून येणारं महापालिकेचं पाणी त्या मानाने मऊ आहे, पण वाघोली-बाणेरकडच्या वाढत्या उपनगरांत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं आणि त्यात क्षार जास्त. हे पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये टाकलं की बारीक नळ्यांत खपली धरते आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूला, चौथ्या सिलेंडरभोवती, गाळ बसतो. पाणी तिथपर्यंत पोचतच नाही. त्यातून जुन्या गाडीत बीड, ॲल्युमिनियम आणि तांबं असे तीन धातू एकाच पाण्यात असतात. गंजरोधक नसेल तर त्यांच्यातला दुबळा धातू म्हणजे ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं, आणि जिथे हेड पॅकिंगची कड बसते तिथेच खड्डे पडतात. म्हणून कूलंट हे फक्त लेह-लडाखला जाणाऱ्यांसाठी आहे, हा समज सोडावा. पुण्यात बर्फ पडत नाही, पण गंज चढतो. कूलंट बॅटरीला घालतात त्या शुद्ध पाण्यात मिसळून टाकावं आणि दोन-तीन वर्षांनी बदलावं.

गळती शोधणं ही या कामातली सगळ्यात दुर्लक्षित पायरी. ऑइल वरून खाली आणि पुढून मागे वाहतं. वरच्या टॅपेट कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग आकसलं की ऑइल ब्लॉकच्या बाजूने उतरतं, वाऱ्याने मागे जातं आणि चेंबरच्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीच्या, मागच्या टोकाला थेंब धरतं. घाईतला मिस्त्री थेंब पाहतो आणि चेंबर उतरवतो. चेंबरचं पॅकिंग बदललं जातं, गळती तशीच राहते. नाना पेठेजवळच्या एका जुन्या मिस्त्रींची पद्धत मला फार आवडली. ते आधी रॉकेल आणि ब्रशने इंजिन धुऊन कोरडं करतात, मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारतात आणि गाडी एक चक्कर मारून आणायला सांगतात. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ जिथून सुरू होते ती जागा खरी. आणि रेघ चार ठिकाणांहून निघत असेल तर ते पॅकिंगला हात लावत नाहीत, आधी ब्रीदरचा पाइप काढून पाहतात. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेली हवा बाहेर सोडणारी ही नळी काजळीने बंद झाली की आतला दाब वाट शोधतो आणि प्रत्येक सील, प्रत्येक सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो. अशा गाडीत नवं पॅकिंग लावलं तरी ते महिनाभरात गळतं.

हेड पॅकिंगची लक्षणं वेगळी. खाली पाण्याचा टिपूस नाही, तरी रेडिएटर रोज रिकामा. सकाळी गाडी चालू करताच वरचा होज पाइप हाताला कडक लागतो. कॅप उघडून इंजिन चालू केलं तर पाण्यात सतत बुडबुडे. (कॅप उघडायची ती फक्त थंड इंजिनाची. गरम कॅप उघडून हात-तोंड भाजल्याच्या घटना आजही होतात.) डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ. पण पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखालीही पिवळट फेस जमतो. ती नुसती थंड होऊन साचलेली वाफ असते. डिपस्टिक स्वच्छ असेल तर हेड उतरवण्याची घाई करू नये.

हेड उतरवायचं ठरलं की मात्र अर्धवट काम करू नये. गाडी रात्रभर थंड झालेली हवी. गरम हेडचे बोल्ट सोडले तर ते जागीच वाकतं. बोल्ट बाहेरच्या बाजूने सुरू करून मध्याकडे, थोडे थोडे सैल करत जायचे. निघालेलं जुनं पॅकिंग फेकायचं नाही, वाचायचं. दोन सिलेंडरांच्या मधली अरुंद पट्टी जळलेली असेल तर दाब तिथून फुटला. पाण्याच्या भोकाभोवती कड कुजलेली असेल तर पाण्याचा दोष.

इथे एक सावधगिरी पोटतिडकीने सांगाविशी वाटते. त्या काळच्या अनेक पॅकिंगांमध्ये तांब्याच्या पत्र्यांच्या आत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर दशकांनंतर रोग देते. कोरडं पॅकिंग पॉलिश पेपरने घासणं आणि वर हवेच्या नळीने फुंकणं हे मी अनेक ठिकाणी पाहिलं. जुनं पॅकिंग पाणी मारून, ओलं करून, मास्क लावून काढावं, आणि ओल्या फडक्यासकट पिशवीत बांधून टाकावं. आपल्या गाडीसाठी गॅरेजातल्या एखाद्या पोराच्या फुप्फुसाची किंमत देऊ नये.

मग पृष्ठभाग. ॲल्युमिनियम मऊ असतं, त्यावर लोखंडी खरवडणी चालवली की ओरखडे राहतात आणि पाणी तिथूनच निघतं. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी, धीर आणि वेळ. साफ झाल्यावर हेडवर सरळ पट्टी उभी ठेवून तिच्याखाली फीलर गेज सरकवायचा, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत. ०.०५ मिलिमीटरची पात सहज जात असेल तर हेड वाकलं आहे आणि ते फेसिंगला द्यायला हवं. नाना पेठेत आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत फेसिंग करणारी मशीनची दुकानं आहेत. चांगला मशीनवाला कमीत कमी धातू काढतो, कारण प्रत्येक फेसिंगने कॉम्प्रेशन वाढतं आणि हेडचं उरलेलं आयुष्य कमी होतं. बिघाड नसताना ‘आलंच आहे तर मारून घेऊ’ म्हणून फेसिंग करून घेणं हे हेडचं नुकसान आहे.

बोल्टची भोकं कोरडी हवीत. त्यात ऑइल किंवा पाणी साचलेलं असलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं, पाना आवळल्याचं सांगतो पण हेड दाबलं गेलेलं नसतं, आणि कधी ब्लॉकला तडा जातो. हेड पॅकिंग कोरडंच बसवायचं, उत्पादकाने सांगितलं नसेल तर त्याला शेलॅक किंवा सिलिकॉन फासायचं नाही. सिलिकॉनचा अतिरेक ही हल्लीची मोठी खोड. बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही असतं, आणि त्याचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत नाहीतर रेडिएटरच्या नळीत जाऊन बसतात.

शेवटी आवळणं. मध्यापासून बाहेर, फिरत्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. मला भेटलेल्या काही ज्येष्ठ मिस्त्रींचा हात इतका बसलेला आहे की त्यांचा अंदाज पान्याच्या आकड्याजवळ येतो. तरीही मी पान्याच्या बाजूने आहे. त्यांचा हात त्यांच्याबरोबर जाईल, आकडा मागे राहील आणि पुढच्या मुलाला तो शिकता येईल. जुन्या प्रकारच्या पॅकिंगला गाडी एकदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा त्याच क्रमाने आवळावं लागतं आणि टॅपेट पुन्हा बसवावे लागतात. ही दुसरी फेरी गिऱ्हाईक टाळतो. आठवड्याने गाडी परत घेऊन या, म्हटलं की बहुतेक जण येत नाहीत. काम पुढे अपयशी ठरतं आणि नाव मिस्त्रीचं खराब होतं.

हेड खाली असतानाच होज पाइप, क्लिपा, थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट आणि वॉटर पंप पाहून घ्यावेत. पंपाच्या खालच्या बाजूला एक लहानसं भोक असतं. तिथून पाणी ठिबकलं तर आतलं सील गेलं, असं ते सांगतं. ते भोक एम-सीलने बुजवलेले पंप मी पाहिले आहेत. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि एक दिवस पंखा सुटून रेडिएटरवर आदळतो. ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या टोप्या, गॅरेजात ज्यांना डमी म्हणतात, त्याही आतून गंजतात. बाहेरून रंग शाबूत आणि आत कागदासारखा पत्रा. हातोडीच्या हलक्या टोकाने कळतं.

रेडिएटरवाल्यांचा धंदा वेगाने आटतो आहे. पद्मिनीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, झाळकामाने जोडलेला. तो उघडता येतो. वरची टाकी झाळ वितळवून काढायची, प्रत्येक चपट्या नळीत पातळ पट्टी घालून खपली बाहेर काढायची, ज्याला रॉडिंग म्हणतात, आणि टाकी परत झाळायची. मग तोंडं बंद करून, हवा भरून, पाण्याच्या हौदात बुडवून बुडबुडे पाहायचे. हे काम नीट झालं की पंचेचाळीस वर्षांचा रेडिएटर पुन्हा कामाला लागतो. आजच्या गाड्यांचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लॅस्टिकच्या, कड दुमडून बसवलेल्या. प्लॅस्टिक तापून-तापून दहा-पंधरा वर्षांत ठिसूळ होतं आणि तडकतं. दुरुस्ती जवळजवळ नाहीच, नवा आणायचा. हलके आणि स्वस्त रेडिएटर हवेत हे मान्य, आणि हिंजवडी-चाकणच्या कारखान्यांत ते उत्तम बनतात. पण त्यामुळे झाळकाम करणाऱ्याकडे शिकायला मुलगा येत नाही, हेही तितकंच खरं. मला भेटलेल्या एका रेडिएटरवाल्यांचा मुलगा आता मोबाइलचं दुकान चालवतो.

याच परिसरात बनलेली टाटांची इंडिका ३० डिसेंबर १९९८ रोजी बाजारात आली. पिंपरीच्या कारखान्यातल्या त्या १४०५ घन सेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाच्या पहिल्या गाड्यांनीही आता पंचविशी ओलांडली आहे. पद्मिनीचे मालक तिच्यावर प्रेम करतात म्हणून ती टिकते. इंडिकाला ते भाग्य मिळालेलं नाही. हीट झाली, हेड गेलं, भंगारात दिली, असा तिचा प्रवास मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराकडे होतो. डिझेलला दाब जास्त, टायमिंग बेल्टचं काम वेगळं आणि त्यात चूक झाली तर व्हॉल्व्ह वाकतात, त्यामुळे खर्च वाढतो हे खरं. तरी पुण्याने घडवलेली पहिली स्वदेशी कार चांगल्या अवस्थेत मोजकीच उरावी, याची खंत वाटते. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी तिला विकू नये.

कायद्याचाही विचार करावा लागतो. १५ वर्षांवरील खासगी कारच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील कारसाठी ते १०,००० रुपये करण्यात आलं. दुसरीकडे जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, इंजिनात मोठा बदल नसावा. पहिल्या पद्मिनी आता या पन्नाशीत आल्या आहेत. पॅकिंग, सील, होज बदलणं म्हणजे गाडी बदलणं नव्हे, उलट मूळ इंजिन टिकवण्याचा तोच मार्ग आहे. गळतं इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

माझं मागणं गाडीमालकांकडे आहे. मिस्त्रीला संध्याकाळपर्यंत गाडी द्या म्हणू नका. पॅकिंगचा पूर्ण सेट स्वतः उभं राहून चांगल्या दुकानातून घ्या. मजुरीत घासाघीस करू नका, कारण पॅकिंग स्वस्त असतं आणि खरी किंमत पृष्ठभाग साफ करण्यात गेलेल्या वेळाची असते. आठवड्याने पुन्हा आवळायला गाडी घेऊन जा. औंधच्या आयटीआयमधला एखादा मुलगा ओळखीचा असेल तर त्याला त्या दिवशी बरोबर न्या आणि मिस्त्रींच्या शेजारी उभं करा. आणि हे काम दिवाळीनंतरच्या थंडीत उरका. मार्च लागला की रेडिएटरवाल्यांकडे रांग लागते, आणि रांगेत झालेली झाळ पहिल्याच घाटात सुटते.